अंतराळातले गुप्त पोलीस उभे करताना घ्यायची काळजी

तुम्ही अंतराळयुद्धाची कादंबरी लिहायला घेतली आहे असं कळलं. कुणाकडून ते विचारू नका. आपल्या बेळगावात टिळकवाडीत बसून लिहिलेलं शहापुरात कळायला वेळ लागत नाही. उत्तम केलंत. उचगाव, कडोली, येळ्ळूर, गावोगावच्या संमेलनांत आई, माती आणि सीमाप्रश्न यांवर वाचून झालेलं आहे. आता जरा जहाजं उडू द्या. ताफे, लेझर तोफा, अख्खा ग्रह भाजून काढणारी क्षेपणास्त्रं हे तुम्ही जमवलं असेलच. राहिली गुप्त पोलीस यंत्रणा. ती हवीच. तिच्याशिवाय दुष्ट कोण हे वाचकाला कळणार कसं? ग्रह काय, तुमचा नायकही भाजून काढतोच.

गणवेश काळा ठेवा. गुप्त पोलीस अर्ध्या मैलावरून ओळखू आले पाहिजेत, नाहीतर त्यांच्या गुप्ततेचा उपयोग काय? चुकूनही आपल्याकडच्या साध्या वेशातल्या माणसाकडे बघून पात्र रंगवू नका. तुम्ही त्याला ओळखता. मराठी सभा असली की शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसतो. शर्ट चौकड्यांचा, पायात मात्र खात्याचे तपकिरी बूट. भाषण रंगात आलं की सगळे टाळ्या वाजवतात आणि हा खिशातल्या छोट्या वहीत मान घालून लिहीत असतो, कारण पूर्ण सभेत मन लावून ऐकणारा तो एकटाच. शेवटी आयोजकालाच गाठतो, "सर, त्या पाहुण्यांचं आडनाव जरा सांगा की, लिहायचं राहिलं." आयोजकही सावकाश सांगतो, वर चहा पाजतो. तो आला नाही तर आयोजकांचं तोंड उतरतं. आपल्या सभेची वरपर्यंत दखलच नाही! असला माणूस कादंबरीत आला की भीती संपली. वाचकाला त्याची दयाच यायची.

तुमची यंत्रणा सर्वज्ञ असू द्या. आकाशगंगेच्या या टोकाला कुणी साम्राज्याविरुद्ध पुटपुटलं की त्या टोकाला संचालकाची भुवई वर गेली पाहिजे. इथे विज्ञान आडवं येतं, त्याला बाजूला बसवा. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा 4.2 प्रकाशवर्षांवर. म्हणजे तिथल्या कुणीतरी केलेली चहाडी मुख्यालयात पोचायला चार वर्षं आणि अटकेचा हुकूम परत जायला आणखी चार. तोवर तो बंडखोर लग्न करून, कर्ज काढून, तिथल्याच सोसायटीचा चेअरमन झालेला असतो. मंगळापर्यंतसुद्धा निरोप जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात. तुम्ही म्हणाल, आमची जहाजं प्रकाशाच्या पुढे धावतात. धावू देत, खरं पळणाराही त्याच जहाजात बसून पळणार की. तेव्हा या भानगडीत पडू नका.

यंत्रणेला माहिती कुठून मिळते हे तर अजिबात दाखवू नका. डोक्यातले विचार वाचणारं यंत्र, डासाएवढे ड्रोन, डोळ्यात बसवलेली चिप, काहीही चालेल. शेजारी मात्र नको. हिटलरच्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे गेस्टापोकडे, माणसं आपण समजतो त्याहून फार कमी होती. त्यांचं काम बऱ्याच अंशी लोकांनी आपखुशीनं आणून दिलेल्या तक्रारींवर चालायचं, आणि त्या तक्रारींमागे देशभक्तीइतकाच घरमालक-भाडेकरूंचा तंटाही असायचा. कौटिल्यालाही हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या अर्थशास्त्राची पोथी 1905 साली सापडली ती आपल्याच राज्यात, म्हैसुरात. त्यात हेर कोण आहेत बघा: शेतकरी, व्यापारी, तापसी, भिक्षुणी. काळा गणवेश एकालाही नाही. वर अट अशी की एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांची खबर जुळली तरच विश्वास ठेवायचा. ही अट तुमच्या संचालकाला घालाल तर तो पहिल्या प्रकरणातच बेकार होईल.

आपल्या गल्लीतली आक्का कुठल्याच हुद्द्यावर नाही. दुपारी दारात तांदूळ निवडत बसते. समोरच्या घरापुढे एमएच-09 नंबरची मोटारसायकल तासभर उभी राहिली की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, कोल्हापूरचा मुलगा पोरीला बघून गेला, पसंती आहे, खरं मागणं जरा जास्त आहे. इतकी माहिती तासाभरात तुमच्या यंत्रणेच्या बापाला जमणार नाही. तरी आक्काला कादंबरीत घेऊ नका. वाचकाला दुष्ट माणूस लांबच्या ग्रहावरचा लागतो. समोरच्या दारातला काढलात तर तो पुस्तक मिटतो.

आता सैन्य. प्रत्येक युद्धनौकेवर कप्तानाच्या मानगुटीवर यंत्रणेचा एक राजकीय अधिकारी बसवा. त्याच्या सहीशिवाय तोफ डागायची नाही. मोठं नाट्यमय दिसतं. फक्त हे प्रकरण कुठल्या माजी सैनिकाला वाचून दाखवू नका, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात ते चुकवणं अवघड आहे. निवृत्त सुभेदारमामा सगळं ऐकून घेतील आणि विचारतील, "ते सगळं बरोबर हाय बा, खरं हुकूम कुणाचा? एका बोटीवर दोन साहेब म्हटल्यावर जवान दोघांनाबी सलाम ठोकतच बसतोय की. लढाई कोण करायची?" मामांनी रशियाचा इतिहास वाचलेला नाही. लाल सेनेत हा प्रयोग खरोखर झाला. 1937 पासून स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी स्वतःच्याच सेनापतींची अशी साफसफाई केली की पाच मार्शलांपैकी तीन संपले. 1941 च्या जूनमध्ये जर्मन आत घुसले तेव्हा अनुभवी अधिकारी हवे होते, आणि ते नव्हते. शेवटी 1942 च्या ऑक्टोबरात, शत्रू स्टालिनग्राडमध्ये शिरलेला असताना, कमिसारांचा, म्हणजे त्या राजकीय अधिकाऱ्यांचा, कप्तानाच्या बरोबरीचा अधिकार काढून घ्यावा लागला. तुम्ही हे काही मनावर घेऊ नका. तुमच्या साम्राज्यानं हजार वर्षं दोन-दोन साहेबांनिशी जिंकत राहावं.

संचालक अमर ठेवा. गालावर वार, आवाज थंड, हातात वाईनचा पेला. खऱ्या जगात ही खुर्ची फार वाईट निघाली. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा 1938 मध्ये गोळी घालून मारला गेला, त्याच्या जागी आलेला येझोव 1940 मध्ये, आणि त्याच्या जागी आलेला बेरिया 1953 मध्ये, स्टालिन गेला त्याच वर्षी. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे स्टासीचा, प्रमुख मिल्के तेवढा 32 वर्षं टिकला. 1989 च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडल्यावर तो संसदेत उभा राहिला आणि म्हणाला, माझं तर सगळ्यांवर प्रेम आहे. सभागृह हसलं. ज्याच्या नावानं देश कापायचा त्याला लोक हसले! हा प्रसंग वापरायचा मोह होईल, आवरा. खलनायकाला वाचक हसला तर दुसरा भाग कोण विकत घेणार?

कथानकासाठी सीमेवरचा एखादा ग्रह लागेलच. तिथे हवं ते खनिज काढा, फक्त पाट्यांवरच्या लिपीचं भांडण नको. प्रकाशाला मागे टाकणारी माणसं दुकानावरच्या फलकात कोणती भाषा किती टक्के यावर मोजपट्टी घेऊन उभी आहेत, 1967 साली अहवाल देऊन गेलेल्या आयोगावरून अजून वाद घालताहेत, 2004 पासून दावा कोर्टात पडून आहे, असं लिहाल तर संपादक म्हणेल, कल्पनाशक्तीला थोडा लगाम घाला, हे पटत नाही. शिवाय तुमचा कानडी मित्र समजेल की दुष्ट साम्राज्य म्हणजे आपणच, आणि मराठी मित्र म्हणेल की पुरेसं दुष्ट दाखवलेलं नाही. दोघांबरोबरचा चहा जाईल.

शेवट मात्र स्फोटानंच करा. मुख्यालयाचा अख्खा चंद्र उडवा, कण शिल्लक ठेवू नका. स्टासीनं तिथेच घोळ घातला. सुमारे 91 हजार पगारी नोकर, वर पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे, आणि जमवलेला कागद एकापुढे एक लावला तर 111 किलोमीटर. पळायची वेळ आली तेव्हा तो नष्ट करताना यंत्रं बंद पडली. मग हातानं फाडत बसले. तुकड्यांची हजारो पोती उरली आणि पुढे कुणीतरी ती चिकटवत बसलं. 1992 पासून तिथे लोकांना आपापली फाईल बघायला मिळू लागली, आणि कुणाला भाऊ सापडला, कुणाला जिवलग मित्र, कुणाला तर अंथरुणातला नवरा. तुमच्या वाचकांवर ही पाळी आणू नका. सगळ्या फायली जाळून टाका. कुणी कुणाविरुद्ध लिहिलं होतं हे गुलदस्त्यात राहिलं की प्रकाशन समारंभाला गल्ली झाडून सारी येईल, आणि आक्का पुढच्या रांगेत बसेल.