घुबड शांत बसलंय म्हणजे त्याला चालतंय, असं नाही

डिसेंबर लागला की नागपुरातल्या पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. मथळा असा: 'थंडीत घुबडाचा फोटो काढा, अगदी सोपं!' त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. घुबड दिवसा आंधळं असतं, म्हणून भर दुपारी अगदी जवळ जाता येतं. थंडीने ते गारठून सुस्त बसतं आणि छान पोझ देतं. मोबाइलवर त्याचा आवाज लावला की आपणहून पुढ्यात येतं. रात्री टॉर्च आणि फ्लॅश बिनधास्त वापरा. आणि दिसलं की जागा सगळ्यांना कळवा.

अंबाझरी, गोरेवाडा, कळमेश्वरकडचे नाले इथे मी पंधराएक वर्षं घुबडांच्या मागे हिंडतोय. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण या पाचही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर घुबडाच्या घरट्यावरच उठणाऱ्या आहेत.

आधी आंधळेपणाचं बघू. घुबडाला दिवसा व्यवस्थित दिसतं. ऊन वाढलं की त्याची बाहुली आकसते, एवढंच. आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या ठिपकेदार घुबडांची, एक जोडी राहते. थंडीत सकाळी आठच्या सुमारास ऊन ढोलीच्या तोंडावर आलं की दोघं पिसं फुलवून तिथे शेकत बसतात. वर, खूप उंचावर एखादी घार आली की दोघांच्याही माना एकदम तिरक्या होतात आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तशाच राहतात. आंधळा पक्षी असं करील का? आपल्याच विदर्भात, मेळघाटात राहणारा रानपिंगळा तर दिवसाउजेडी शिकार करतो. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता, तो नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं; १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. हिवाळ्यात आपल्या देशात पाहुणं येणारं आखूडकानी घुबडही उजेडात माळावर उडताना दिसतं.

मग हा समज आला कुठून? घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट असतात आणि खोबणीत फिरत नाहीत. बघायचं तर त्याला मान फिरवावी लागते, आणि ती २७० अंशांपर्यंत फिरते. त्यामुळे ते समोर तोंड करून बसलं नसेल, तर आपल्याला वाटतं त्याने आपल्याला पाहिलंच नाही. त्याने आपल्याला गाडी लावतानाच पाहिलेलं असतं.

आता 'पोझ'. इथे मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक फोटो याच गैरसमजावर निघतात. शिंगळा घुबड माणूस जवळ आला की अंग ताणून काटकुळं होतं, डोक्यावरची पिसांची शिंगं उभी करतं, डोळ्यांच्या नुसत्या फटी ठेवतं. बुंध्याला चिकटलेल्या वाळक्या फांदीसारखं दिसावं म्हणून हा सगळा आटापिटा असतो. पिंगळा वेगळं करतो. तो टक लावून बघतो आणि मान झपझप वरखाली करतो. लोक त्याला 'नाचतोय' म्हणतात, रील बनवतात. पिंगळा अस्वस्थ झाला की असं करतो. तुम्ही किती लांब आहात, उडावं की ढोलीत शिरावं, याचा अंदाज तो घेत असतो.

तीन वर्षांपूर्वी एका नाल्याच्या कडेला चिंचेवर बसलेल्या शिंगळ्यापुढे मी सात जण उभे पाहिले. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, "काही नाही होत जी काका, बसूनच राहिला ना तो!" पाचेक मिनिटांत तो उडाला. क्षणात दोन कोतवाल आणि मग सहा-सात कावळे त्याच्या मागे लागले. दिवसा उठवलेल्या घुबडाचं हे नेहमीच होतं. रात्रभर शिकार करून जो विसावा घ्यायचा, तो असा जातो.

आणि थंडीने सुस्त होण्याचं म्हणाल, तर नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हाही आमची पिंगळ्यांची जोडी संध्याकाळी ठरल्या वेळी ढोलीबाहेर होती. घुबडाच्या अंगावर पिसांची जाड दुलई असते, बऱ्याच जातींच्या तर पायांवरसुद्धा. गारठलेले आपण असतो.

आवाज लावायचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. हिवाळ्यात घुबडं जास्त ऐकू येतात हे खरं, पण ती का ऐकू येतात हे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही. शृंगी घुबडाचा, म्हणजे शिंगळ्याहून कितीतरी मोठ्या, वेगळ्या घुबडाचा, हा विणीचा हंगाम असतो. नाल्याच्या कड्यावर, खडकाच्या कपारीत, कधी नुसत्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात त्याची अंडी असतात. काड्यांचं घरटं नसतंच. मादी महिनाभराहून जास्त अंड्यांवर बसते, आणि तेवढे दिवस तिला खायला नर आणतो. संध्याकाळी त्याचं ते खोल, घुमणारं 'बूऽ-बो' म्हणजे 'ही जागा माझी आहे' अशी हाक असते. तुम्ही मोबाइलवर तीच हाक वाजवली की त्याला वाटतं, दुसरा नर हद्दीत शिरला. तो धावून येतो तो भांडायला. तेवढा वेळ शिकार थांबते. मादीही अस्वस्थ होऊन उठली, तर जानेवारीच्या रात्री उघड्या खडकावरची अंडी गार पडायला किती वेळ लागणार? एकाने वाजवून सोडून दिलं तर एक वेळ निभावेल, पण एकाच नाल्यावर दर शनिवार-रविवारी पाच गाड्या येतात.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. बंदूक हातात असायलाच हवी असं नाही.

आवाजाचा उपयोग उलट बाजूने करावा. तो आपण शिकावा. पिंगळ्याची कर्कश 'चिर्र-चिर्र', गव्हाणी घुबडाचा फिस्कारा, वन घुबडाचं थरथरतं ओरडणं ओळखता आलं की अंधारात न शिरताही कोण कुठे आहे ते कळतं. दिवसा झाडाखाली बघावं: पांढरी विष्ठा, आणि घुबडाने ओकून टाकलेल्या, उंदराची हाडं नि केस असलेल्या करड्या गोळ्या. बुलबुल आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून कलकलाट करत असतील, तर तिथे दुर्बीण लावावी.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. फ्लॅशने घुबड कायमचं आंधळं होतं, असाही एक मेसेज फिरतो. तेही सिद्ध झालेलं नाही. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की काही काळ ते दिपतात, आणि त्याच वेळी उडालेला पक्षी तारेवर, फांदीवर आदळू शकतो. फ्लॅशची गरजही नसते. संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यान पिंगळा बाहेर येतो तेव्हा पुरेसा उजेड असतो. कॅमेरा तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० पर्यंत न्या, शटर एक-साठांश सेकंदावर ठेवा, फोकससाठी लागणारा तो लाल दिवा बंद करा, आणि पक्षी स्थिर असेल तेव्हाच बटण दाबा. फोटोत थोडे दाणे येतील. येऊ द्या.

संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेलं घुबड दिसलं, तर मात्र फोटोच्या भानगडीत न पडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तोवर पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, पाणी पाजू नका.

राहता राहिली जागा कळवण्याची गोष्ट. अमावास्येच्या, दिवाळीच्या पूजांसाठी घुबडं पकडून विकणारे लोक आजही आहेत. घुबड वर्षानुवर्षं त्याच ढोलीत, त्याच कपारीत राहतं, म्हणजे एकदा पाठवलेला नकाशा पुढच्या वर्षीही तितकाच उपयोगी पडतो, आणि गटातल्या तीनशे जणांनी तो पुढे कुणाला धाडला हे कुणालाच कळत नाही. मी फोटोखाली 'नागपूर जिल्हा, जानेवारी' एवढंच लिहितो. झाड कोणतं, हे सख्ख्या मित्राने विचारलं तरी सांगत नाही. फारच मागे लागला तर एका संध्याकाळी त्याला सोबत घेऊन जातो, मोबाइल गाडीत ठेवायला लावून.