चुंबकाने पार्किन्सन ‘मुळापासून’ जात नाही

सध्या फिरणारा संदेश थोडक्यात असा: डोक्यावर चुंबकीय यंत्र धरलं की पार्किन्सन मुळापासून जातो, मेंदूतल्या मेलेल्या पेशी जाग्या होतात, कंप थांबतो, गोळ्या सुटतात, दुष्परिणाम शून्य. पुरावा म्हणून ‘आधी आणि नंतर’चा व्हिडिओ.

कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला उत्तेजना देण्याची ही उपचारपद्धत (टीएमएस) बोगस नाही. अँथनी बार्कर यांनी १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला ती दाखवली आणि नैराश्यासाठी अमेरिकेत तिला २००८ पासून मान्यता आहे. भानगड आहे ती दाव्यांची.

‘मेलेल्या पेशी जाग्या होतात.’ अजिबात नाही. पार्किन्सनमध्ये मरतात त्या मध्यमेंदूत खोलवर असलेल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी. नेहमीच्या कॉइलचा, म्हणजे डोक्यावर धरायच्या तारेच्या वेटोळ्याचा, थेट परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. वरचा मोटर कॉर्टेक्स (हालचाली चालवणारा मेंदूचा बाहेरचा भाग) चेतवून त्याला जोडलेल्या खालच्या पेशींच्या जाळ्याला धक्का देता येतो, पण मेलेली पेशी त्याने उठत नाही.

‘कंप थांबतो, हा पाहा व्हिडिओ.’ व्हिडिओ खोटा असेलच असं नाही, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. लेव्होडोपाची (पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) गोळी लागू होण्याआधी आणि नंतर त्याच माणसाला चालवून बघा. यंत्राविनाच फरक दिसेल. शिवाय या आजारात आशाही औषधासारखी वागते. २००६ च्या एका अभ्यासात रुग्णांना नुसती खोटी, म्हणजे उपचाराचा केवळ देखावा असलेली, उत्तेजना दिली, तरी स्कॅनमध्ये त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढलेलं दिसलं! म्हणूनच कुठल्याही अभ्यासात पहिला प्रश्न विचारायचा: खोट्या कॉइलशी तुलना केली का? तशी तुलना झालेल्या २० अभ्यासांचा, ४७० रुग्णांचा, एकत्रित आढावा २०१५ मध्ये आला. हालचालींत सुधारणा दिसली, पण मध्यम. २०२० च्या युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशींत दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवरच्या जलद उत्तेजनेला ‘बहुधा परिणामकारक’ असा शेरा आहे, ‘निश्चित’ नाही.

‘दुष्परिणाम शून्य.’ डोकं दुखणं नेहमीचं. फिट येणं दुर्मीळ, पण शक्य. डोक्यात डीबीएसचं यंत्र (मेंदूत खोलवर तारा बसवून विजेची उत्तेजना देणारं) किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

‘गोळ्या सुटतात.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. वर सांगितलेली सुधारणा बहुतेक रुग्णांत औषधं चालू असतानाची आहे. लेव्होडोपा एकाएकी थांबवली तर अंग लाकडासारखं ताठ होणं, तीव्र ताप, शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाऊ शकते, आणि हे जिवावरही बेतू शकतं. असा संदेश वाचून कुणी गोळ्या बंद केल्याच असतील, तर त्यांनी आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करावा.