पीठ नव्हे, पीट

आपल्या गावात ‘लोकसहभागातून पर्यावरण संवाद’ घडवायचा तुमचा बेत पक्का झाला असेल, तर एक काळजी घ्या: लोकांना आधी कळू देऊ नका. कळलं की लोक बोलायला लागतात, आणि मग संवाद हाताबाहेर जातो.

विषय जितका लांबचा तितका बरा. बेळगावचा बळ्ळारी नाला चुकूनही घेऊ नका. शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना त्याची फार माहिती असते, आणि भातात पाणी शिरलं की दर पावसाळ्यात ती वाढते. २०१९ चा महापूर तर नकोच. लोक हाताला धरून भिंतीवरची ओल दाखवायला घरी नेतात. मी फेब्रुवारीत खानापूर तालुक्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथल्या जाणत्या आयोजकांनी थेट इंडोनेशियातली पीट जमीन निवडली होती. कुणी उठून ‘आमच्याकडं असं नसतं’ म्हणायची भीतीच नाही, कारण आमच्याकडं ती नाहीच.

भाषेचं म्हणाल तर बॅनर मराठीत, कानडीत की दोन्हीत, आणि दोन्हीत तर वर कुठली, यावर निदान तीन बैठका घाला. १९५६ पासून जे सुटलं नाही ते तुमच्याकडून सुटायचं नाही, पण तोवर चहा-कुंद्याचं बिल लावता येतं. शेवटी स्लाइड इंग्रजीत ठेवा आणि निवेदन अशा मराठीत करा, जी बेळगावात फक्त लग्नपत्रिकेत सापडते.

आता प्रत्यक्ष सभा. देवळाच्या मंडपात वक्ते म्हणाले, “पीट अत्यंत ज्वलनशील असते.” पुढं बसलेल्या एका आज्जीनं शेजारणीला विचारलं, “पीठ? गिरणीतलं?” पाच मिनिटं सभा हसत होती. हे टाळायचं असेल तर आज्ज्यांना मागं बसवा.

वक्त्यांनी मग नीट समजावलं, हे मान्य करायला हवं. दलदलीत पडलेला पालापाचोळा पाण्याखाली धड कुजत नाही, हजारो वर्षं थरावर थर साचतो, तेच पीट. पाणी काढलं की ते वाळतं, आणि पेटलं की आग जमिनीच्या पोटातून धुमसत राहते. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारनं कालिमंतानमध्ये सुमारे १० लाख हेक्टर दलदलीवर भात पिकवायचं ठरवलं आणि हजारो किलोमीटर कालवे खणून पाणी काढून टाकलं.

‘भात’ म्हटल्यावर मंडप जागा झाला. “किती पोती झाली?” एका मामांनी विचारलं. काही झालं नाही, १९९७ ला वाळलेलं रान पेटलं आणि पुढं प्रकल्पच गुंडाळला, असं उत्तर आलं. “मातीला न विचारता लावणी केल्यात,” मामा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. पुढची स्लाइड २०१५ ची होती: २६ लाख हेक्टर जळालं, जागतिक बँकेच्या अंदाजानं १६ अब्ज डॉलरचं नुकसान. पण मामांचा विषय संपला होता.

घोळ झाला तो इथून पुढं. त्याच आज्जी उठल्या. “म्हंजे वीटभट्टीवरचं तूस की वो! वरनं राखुंडी, आतनं निखारा. पाय घातला की कळतंय.” असं म्हणून त्यांनी लुगडं वितभर वर घेऊन घोट्याजवळचा जुना डाग दाखवला. सुरकुत्यांच्या मधोमध रुपयाएवढी गुळगुळीत कातडी. “वरनं घागर ओतून काय होत न्हाई. ढीग फोडायचा, उलथायचा, मग भिजवायचा.”

चोवीस स्लाइडचं काम तीन वाक्यांत. अशा वेळी माइकची शिट्टी वाजवा, नाहीतर आभार मानून थेट प्रश्नपत्रिका वाटा. आमचे वक्ते बिचारे प्रामाणिक, “अगदी बरोबर” म्हणून बसले आणि कार्यक्रम गेला.

तरी त्यांनी उपायांची स्लाइड लावली. तिकडं २०१६ मध्ये सरकारनं पीट सावरायला वेगळी संस्थाच काढली. पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही, आणि त्यासाठी कालवे बुजवायचे. मागून कुणीतरी ओरडलं, “बळ्ळारी नाला आम्ही कवाच बुजवलाय, अनुदान कुठं मिळतंय?” गाळ, प्लॅस्टिक, जलपर्णी आणि अतिक्रमण एवढ्या भांडवलावर, विनाप्रशिक्षण. हे एकच तंत्रज्ञान आपण इंडोनेशियाला निर्यात करू शकू, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एक पोरगा मात्र हट्टाला पेटला. पंचायतीच्या भिंतीवर वणव्याची कानडी नोटीस महिनाभर लागलीय, तेवढी वाचून दाखवा म्हणाला. वक्त्यांना कानडी येत नव्हतं. सातवीतली एक मुलगी परकर सावरत गेली आणि अर्ध्या मिनिटात वाचून, मराठीत सांगून परत आली: गवताला काडी लावू नका, डोंगरावर धूर दिसला तर या नंबरावर फोन करा. चार बायकांनी लगेच नंबर लिहून घेतला. अशी मुलगी सभेत दिसली तर तिला स्वागतगीतात उभी करा, म्हणजे उरलेला वेळ ती गप्प बसते.

अहवालाची चिंता नको. ‘महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’ या मथळ्याखाली आज्जींचा घोटा दाखवतानाचा फोटो आयताच मिळाला होता. गाडीत सामान भरताना त्याच आज्जी आल्या. “बाळा, त्यो बॅनर न्हेऊ काय? पावसाळ्यात जळणावर घालायला हुतंय.”

लगेच द्या. आणि साहित्यवाटपाच्या रकान्यात लिहा: एक.