तुमची वही जपून ठेवा, काका

काका, नमस्कार.

गेल्या वेळी मी माझ्या दोन मुलांबद्दल लिहिलं होतं. थोरली दर महिन्याला कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला जाते, मिस्सेत (आमच्या चर्चमधल्या उपासनेत) डोक्यावर ओढणी घेते, गुडघे टेकून जिभेवर कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेते. धाकटा सांगलीत शिकतो, हॉस्टेलवर रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो आणि शुक्रवारी मांसाहार करत नाही. मी हे आनंदाने लिहिलं होतं. त्यावर मिरजेहून तुमचं लांबलचक पत्रच आलं. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी त्यातला राग थोडक्यात सांगते. मराठी मिस्सेसाठी आमच्या पिढीने इतकं केलं, पेटी-ढोलकी देवळात आणली, गाणी लिहून वह्या भरल्या, आणि आता तुमची पोरं यूट्यूबवर परदेशी तरुणांना बघून पूर्वीच्या लॅटिन उपासनेकडे निघाली. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात राहून तुम्ही मुलीच्या डोक्यावरच्या ओढणीचं कौतुक करता. आणि शेवटी लिहिलंत की, माझी वही माळ्यावर पडली आहे, आता ती कुणाला हवी आहे?

त्याच पत्रात तुमच्या आईबद्दल दोन ओळी होत्या. लॅटिन मिस्सेत ती मागे बसून नुसती मणी ओढायची. मराठी आली तेव्हा पन्नाशीतल्या त्या निरक्षर बाईने पहिल्यांदा मोठ्याने उत्तर दिलं आणि घरी येऊन रडली. काका, त्या ओळींपाशी मी थांबले. ते मी दोन्ही मुलांना वाचून दाखवलं. थोरली म्हणाली, "हे जाऊ द्यायचं असं कोण म्हणतंय?"

खरंच कुणी म्हणत नाही. साताऱ्यात आमची कॅथलिक घरं मोजकी. इथे जुनी लॅटिन मिस्सा होत नाही आणि माझ्या मुलांनी ती कधी मागितलीही नाही. थोरलीला लॅटिनमधली किरिये, सांक्तुस आणि साल्वे रेजिना एवढी तीन गीतं येतात. रविवारी ती मराठी मिस्सेलाच जाते आणि वाचनही करते. मग तिला हवंय तरी काय? मलाही ते पटकन कळलं नाही.

ती अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. मी भाकरी थापत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "आई, तू कम्युनियन घेतेस तेव्हा तुझ्या हातात काय असतं? भाकर की प्रभू?" भाकरी तव्यावर करपली तरी माझ्याकडून उत्तर आलं नाही. मी कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात वाढलेली बाई. आम्ही तिथे चित्रं रंगवली, नाटुकली केली, 'देव प्रेम आहे' हे शिकलो. ते खरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न कॅथलिक श्रद्धेचा गाभा आहे आणि त्याचं उत्तर चाळिशीतल्या मला देता येत नव्हतं. ते तिने स्वतः शोधलं: आपल्या श्रद्धेप्रमाणे तो प्रभूच. सापडल्यावर तिला उभं राहून हातात घेणं जमेना, म्हणून ती गुडघ्यावर आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर हातात घेणंही तितकंच योग्य आहे, ख्रिस्तसभेने त्याला परवानगी दिलेली आहे आणि मी आजही हातातच घेते.

आता माझ्या आजीची गोष्ट. ती नगर जिल्ह्यातली, हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला चालत जाणारी. तिच्या तरुणपणी नियम असा होता की कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही. १९५३ साली पोप बाराव्या पायसनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आणला, १९६४ मध्ये पोप सहाव्या पॉलनी तो एक तासावर आणला. सवलती योग्यच होत्या, आजारी माणसं आणि रात्रपाळीचे कामगार यांचा त्यात विचार होता. आजीने मात्र शेवटपर्यंत रविवारी मिस्सेहून परत आल्याशिवाय चूळही भरली नाही. आईने एक तास पाळला. आणि मी चर्चसमोरच्या टपरीवर चहा घेऊन तशीच आत गेलेली आहे, कित्येकदा. नियम तीन वेळा सैल झाला, पण तो सैल का केला आणि मुळात होता कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही मुलांना सांगितलं नाही. मुलं मागतायत ते हे, काका. तुम्ही जे आणलंत ते त्यांना नको आहे असं नाही. तुम्हाला जे आयतं मिळालं होतं आणि आमच्यापर्यंत येता येता सांडलं, ते त्यांना हवंय.

परिषदेबद्दलही बोलते, कारण तुम्ही म्हणता ही मुलं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या ज्या सभेने लोकभाषेतल्या मिस्सेला वाट करून दिली तिच्या, विरोधात चाललीत. उपासनेविषयीचा परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३चा. त्याच्या ३६व्या कलमात लॅटिन राखावं असंही आहे आणि लोकभाषेला वाव द्यावा असंही आहे. ११६व्या कलमात ग्रेगोरियन गायनाला मानाची जागा दिली आहे. आपल्याकडे त्यातला लोकभाषेचा भाग पोहोचला, आणि तो पोहोचायलाच हवा होता. पुढे २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्दे मान्य केले. जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, अंजली, आरती, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा. माझ्या लहानपणीची सगळ्यात सुंदर आठवण समईच्या उजेडातली मिस्सा हीच आहे. ते राखायला मी तुमच्याबरोबर उभी राहीन. पण लॅटिनचं एक गीत म्हणणारी मुलगी परिषदेची विरोधक ठरत नाही.

ओढणीवरून माझं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे मागच्या वेळी लिहायचं राहिलं. मला ते आवडलं नव्हतं. चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत बायकांनी डोकं झाकण्याचा नियम होता, १९८३च्या संहितेत तो राहिला नाही. म्हणजे सक्ती कुणी करू शकत नाही आणि मनाईही कुणी करू शकत नाही. मी तिला म्हटलं, "दुसऱ्या एका मुलीला जरी तू यावरून बोललीस, तरी तुझी ओढणी मी काढून ठेवीन." ती बोललेली नाही. मग एक दिवस आईने ट्रंकेतून आजीच्या लुगड्याचा एक तुकडा काढून तिला दिला. आजी चर्चच्या दारात पाऊल टाकताना डोक्यावरून पदर घ्यायची, शेजारच्या मारुतीच्या देवळात बायका घेतात तसाच. थोरली हल्ली तोच तुकडा घेते. आता हे परदेशी कसं म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आणि दाभोलकरांबद्दल एवढंच, की त्यांची लढाई माणसाच्या भीतीवर पैसे कमावणाऱ्यांशी होती. माझ्या मुलीला कुणी घाबरवलेलं नाही आणि तिच्याकडून कुणी काही उकळलेलं नाही.

यूट्यूबबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. धाकटा मध्यंतरी भलत्याच चॅनेलांच्या नादी लागला होता. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर बंधनं आणली, त्यावरून त्यांना नाही नाही ते बोलणारी माणसं तो ऐकत होता. जेवताना एकदा तो पोपबद्दल वाईट बोलला तेव्हा मी ताट बाजूला सारलं. आमच्या फादरांनी त्याला परिषदेचा दस्तऐवज हातात दिला आणि दोन महिने दर शनिवारी समोर बसवून वाचून घेतला. आता तो ते चॅनेल बघत नाही. आपण श्रद्धाळू झालो म्हणजे इतरांना तोलायचा अधिकार मिळाला, ही बाधा या वयात चटकन होते. ती उतरवायला वडीलधारं माणूस जवळ लागतं. तुमच्यासारखी माणसं रागावून लांब जाऊन बसली तर त्यांच्याजवळ फक्त फोन उरतो.

पण सगळंच नकलेचं नाही. फ्रान्समध्ये २०२५च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. धाकट्याच्या फोनवर कार्लो अकुतिसचा फोटो आहे. १९९१चा जन्म, रक्ताच्या कर्करोगाने २००६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला, ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला. त्याची आई फारशी चर्चला जाणारी नव्हती, मुलाच्या मागोमाग ती श्रद्धेकडे आली. हे वाचताना मला माझंच काहीतरी वाचल्यासारखं वाटतं.

आणि हे फक्त आपल्यातच चाललंय असंही नाही. धाकट्याचा रूममेट माण तालुक्यातला आहे. त्याचे वडील देव न मानणारे, घरात पुरोगामी चळवळीची पुस्तकं, आणि या मुलाने गळ्यात तुळशीची माळ घातली. शुक्रवारी मेसमध्ये चिकन असतं तेव्हा हे दोघे खोलीत पिठलं करून खातात. गेल्या आषाढीच्या वेळी तो याला लोणंद ते तरडगाव चालायला घेऊन गेला. चांदोबाच्या लिंबाशी उभं रिंगण झालं, तेव्हा माझा मुलगा एका दिंडीच्या शेवटी उभा होता, खिशात हात, हातात रोझरी. घरी आल्यावर म्हणाला, "आई, सत्तर वर्षांचे आजोबा अनवाणी होते आणि त्यांना सगळं पाठ होतं. आपल्यात कुणाला काय पाठ आहे?"

त्या प्रश्नावरून थोरलीने ईस्टरआधीच्या या उपवासकाळात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण वाचायला घेतलं. १६१६ साली छापलेलं, ओवीतलं, आपल्या मराठीतलं. अडखळत वाचते, अर्ध्या शब्दांना अडते, पण रोज रात्री दहा ओव्या मोठ्याने. आई ऐकत बसते. आपली मराठी उपासना साठ वर्षांपूर्वी सुरू झाली असं मी समजत होते. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस आमच्या दिवाणखान्यात बोलायला लागला तेव्हा माझी ती समजूत गेली.

म्हणून त्या वहीकडे येते. थोरलीला चाली हव्या आहेत. छापील पुस्तकात गाण्यांचे शब्द आहेत, पण तुमच्या वेळी ती ढोलकीवर कशी म्हणत, हे तिथे नाही. तुमचं पत्र वाचून झाल्यावर तिने सगळ्यात आधी विचारलं ते हेच, "त्यांच्या वहीत चाली असतील का?" ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्सा उरकून ती एसटीने मिरजेला येऊ म्हणते, धाकटा सांगलीहून येईल. पेटी तुमच्याकडे अजून आहे का, एवढं कळवा. नसली तर इथून घेऊन येतील. वही माळ्यावरून तुम्ही काढू नका, धाकटा काढेल.