खानापूरला लाकडाच्या नमुन्यांची एक खोली हवी

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत देवदाराचं एक आडवं कापलेलं खोड ठेवलंय. वय सातशे वर्षांच्या वर. काही ठिकाणी वलयं इतकी दाट की मोजता मोजता डोळे दुखतात. ते बघताना मला बाबा आठवले.

बाबा सुतार. वखारीत ओंडका घ्यायला गेले की आधी ठोकून आवाज ऐकायचे, मग वाकसानं ढलपी काढून नाकाशी न्यायचे. "हा ऐन बघ. जड. खिळ्याला दाद द्यायचा नाही." कन्नड गिऱ्हाईक आलं की तोच ऐन त्यांच्या तोंडी मत्ती व्हायचा.

डेहराडूनला 1878 साली इंग्रज सरकारच्या वनखात्याचे प्रमुख ब्रँडिस साहेबांनी वनशाळा काढली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी जंगलं भराभर तुटत होती, ती सांभाळायला शिकलेली माणसं हवी होती. पण शिकणाऱ्याला देशभरची रानं कशी हिंडवणार? मग लाकूड, बिया, डिंक, झाडं पोखरणारे किडे, सगळं वर्गाशेजारी आणून मांडायचं. 1902 साली कोइमतूरला गॅस या वनाधिकाऱ्यानं असंच संग्रहालय उभारलं. ते आजही त्याच्याच नावानं ओळखतात. दहा वर्षांनी त्या गावात वन महाविद्यालयही आलं.

म्हणजे ही संग्रहालयं मुळात अधिकारी घडवायला निघाली. त्याबद्दल मला आदरच आहे. पण ठोकून, हुंगून लाकूड ओळखणाऱ्यांची विद्या त्या कपाटांत मला दिसली नाही, आणि हे मला मनापासून लागतं. आपल्याकडे धारवाडजवळ गुंगरगट्टीला वन अकादमी आहे, शिरसीला वनशास्त्राचं कॉलेज आहे. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानाला लागून राहणाऱ्या आपल्या पोरानं नाणा आणि किंदळ या झाडांचं लाकूड हातात घेऊन कुठं बघायचं?

खानापुरात एक खोली पुरे. फळ्या मांडाव्यात, त्यांवर कन्नड आणि मराठी नावं शेजारी शेजारी लिहावीत, आणि काचेत बंद करू नयेत. पोरांनी उचलून वजन बघावं, वास घ्यावा. ओळखणारे जुने सुतार आज सत्तरीच्या पुढं गेलेत, म्हणून घाई आहे.

बाबांचा वाकस आणि त्यांनी जपलेले लाकडाचे तुकडे माझ्याकडे आहेत. एकावर त्यांनी पेन्सिलीनं 'नाणा' लिहिलंय, अक्षर अजून वाचता येतं. ते सगळं मी देतो. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, नंदगडकडं कुणाच्या माळ्यावर जुनी करवत, रंधा, लाकडाचे नमुने असतील तर चुलीत घालू नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.