‘स्मार्ट मीटर पळतो’ या संदेशाला उत्तर: आकडे कसे वाचायचे, खरा बिघाड कसा ओळखायचा

स्मार्ट मीटर बसला की एक संदेश हमखास हाती पडतो. त्याचा गोषवारा असा: ‘हा मीटर जुन्यापेक्षा जोरात पळतो. घरातलं सगळं बंद केलं तरी लाल दिवा लुकलुकतो, म्हणजे युनिट चढतच असतात. मीटर स्वतःला लागणारी वीजही तुमच्याच नावावर टाकतो. गॅसचा मीटर तीनने पुढे सरकतो आणि बिलात तेहेतीस युनिट लागतात. घरातल्या डिस्प्लेवरचा आकडा बिलाशी कधीच जुळत नाही.’

यातलं बरंचसं लोकांनी खरोखर डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून संदेश पटतो. चुकतो तो पाहिलेल्याचा अर्थ. त्याचा फटका ग्राहकालाच बसतो, कारण ज्याच्या घरी खरंच बिघाड आहे तोसुद्धा ‘मीटर पळतो’ एवढंच लिहून देतो, आणि अशी तक्रार फेटाळायला काहीच कष्ट पडत नाहीत.

‘सगळं बंद, तरी दिवा लुकलुकतो’

दिव्याची एक लुकलुक म्हणजे एक युनिट नव्हे. मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला किती इंपल्स, म्हणजे किती लुकलुकी, ते छापलेलं असतं: १०००, १६००, ३२०० असे आकडे नेहमी दिसतात. १००० असेल तर एक लुकलुक म्हणजे युनिटचा हजारावा भाग. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. घर त्या घडीला किती वॅट ओढतंय ते मिळतं. मीटर १६०० चा असेल तर २२५० ला भागायचं, ३२०० चा असेल तर ११२५ ला.

समजा १००० च्या मीटरवर दर ९० सेकंदांनी दिवा लुकलुकतोय. म्हणजे घर ४० वॅट ओढतंय. ही वीज खरीच वापरली जातेय: राउटर, सेट-टॉप बॉक्स, स्टँडबायवरचा टीव्ही, बॅटरी भरत असलेला इन्व्हर्टर. महिन्याला याचे जवळपास २९ युनिट होतात. जुन्या चकतीच्या मीटरला इतक्या कमी भारावर चकती हलवणंही जड जायचं, विशेषतः तो झिजलेला असेल तर. तेव्हा ही वीज मोजली जात नसे, आता जाते. बिलातली ही वाढ खरी आहे, पण तिला मीटर पळणं म्हणत नाहीत.

तपासणी मात्र नीट पायऱ्यांनी करायला हवी, कारण इथेच खरे बिघाड सापडतात.

आधी मीटरनंतरचा मेन स्विच पूर्ण बंद करा. पाच-दहा मिनिटांत एकही लुकलुक दिसता कामा नये. काही मीटरांत वापर शून्य झाला की दिवा न लुकलुकता सलग पेटून राहतो, त्याने घाबरू नका. मेन बंद असूनही लुकलुक चालू राहिली तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधून कुणीतरी जोडणी घेतलेली असू शकते: जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप, शेजारचं घर.

मग मेन चालू करून आतले सगळे एमसीबी (घरातल्या वेगवेगळ्या लाईनींची छोटी स्वयंचलित बटणं) बंद करा. आता लुकलुक सुरू झाली तर संशय न्यूट्रलवर घ्यायचा. एमसीबी एकेरी असतील तर ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. भारतातल्या अनेक मीटरांत चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात आणि ज्यात जास्त असेल त्यावरून युनिट धरतात. जुन्या इमारतींत दोन घरांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात. जुन्या मीटरला ते कळत नव्हतं. नवीन मीटर शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या खात्यात मोजू लागतो. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचं यंत्र) मीटरनंतरच्या फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह वेगवेगळा मोजायला सांगा. दोन्ही आकडे सारखे हवेत. फरक निघाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. मीटर बदलून तो जाणार नाही. मीटर बदलल्यावर बिल अचानक चढलं असेल तर हे कारण सगळ्यात आधी तपासावं, आणि नेमकं हेच कुणी तपासत नाही.

‘मीटर स्वतःची वीज तुमच्या नावावर टाकतो’

एकफेज मीटरच्या व्होल्टेज सर्किटला साधारण २ वॅटची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात आहे. ही वीज मोजणाऱ्या भागाच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूने घेतली जाते, त्यामुळे ती तुमच्या युनिटांत येत नाही. घरात प्लगला लावलेला वेगळा डिस्प्ले मात्र तुमच्या विजेवर चालतो. तो एक वॅट घेत असेल तर वर्षाला नऊच्या आत युनिट.

‘जुन्यापेक्षा जोरात पळतो’

घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा दर्जा १ चे असतात, म्हणजे नेहमीच्या भारावर चूक एक टक्क्याच्या आसपास. चकतीचे मीटर दर्जा २ चे, म्हणजे दोन टक्के. शिवाय वयानुसार घर्षण वाढतं आणि ते मागे पडू लागतात. पंचवीस वर्षं हळू चाललेल्या मीटरच्या जागी बरोबर चालणारा आला की तो पळाल्यासारखाच वाटतो.

तरी या आरोपामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती दडवून उत्तर देणं योग्य नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले गेले. त्यांतल्या पाचांनी जास्त वापर दाखवला, एका चाचणीत चूक ५८२ टक्क्यांपर्यंत गेली. दोन मीटरांनी सुमारे तीस टक्के कमी दाखवलं. ही चूक निघाली ती डिमरने मंद केलेल्या एलईडी आणि सीएफएल दिव्यांसारख्या भारावर. असा भार प्रवाह सरळ न घेता मध्येच एकदम झटक्याने ओढतो. जास्त दाखवणाऱ्या मीटरांत प्रवाह मोजायला रोगोव्स्की कॉइल होती, आणि ती प्रवाह किती वेगाने बदलतो ते टिपते. म्हणजे ठरावीक बनावटीच्या मीटरवर विचित्र भार पडला तर मोठी चूक होऊ शकते. फ्रिज, पंखे, गीझर असलेल्या घरात ‘प्रत्येक स्मार्ट मीटर पळतो’ हे त्यातून निघत नाही.

आपला मीटर आपणच तपासायचा असेल तर थर्मोस्टॅट नसलेलं, ज्यावर वॅट छापलेले आहेत असं उपकरण लागतं. पाण्यात बुडवायचा १५०० वॅटचा रॉड चांगला. गीझर आणि इस्त्री नकोत, ती मध्येच आपोआप बंद होतात. बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. रॉड आधी पाण्यात बुडवा, मग चालू करा आणि चार मिनिटं लुकलुक मोजा: १००० च्या मीटरवर १०० यायला हव्यात. ३२०० च्या मीटरवर ३२० येतील. इतक्या जलद लुकलुकी डोळ्याने मोजताना चुकायला होतं, मोबाईलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा.

इथे एक खाचखळगा आहे. १५०० वॅट हा आकडा छापील व्होल्टेजला असतो आणि रॉडचा भार व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टचा रॉड २१५ व्होल्टवर फक्त ८७ टक्के वीज ओढतो, मग १०० ऐवजी ८७ लुकलुकी येतात. म्हणून चाचणीच्या वेळी मीटरच्या पडद्यावरचं व्होल्टेज वाचून ठेवा. रॉडच्या स्वतःच्या बनावटीतही थोडा फरक असतो, तेव्हा पाच-सात टक्क्यांवरून भांडू नका. वीस-तीस टक्के फरक पुन्हा पुन्हा निघाला तर पुरवठादाराकडे शेजारी दुसरा तपासणी मीटर जोडून द्यायची किंवा प्रयोगशाळेत चाचणीची लेखी मागणी करा.

पहिलंच बिल फुगण्याचं एक साधं कारण राहिलं. मीटर बदलण्याआधीची बिलं अंदाजे आली होती का ते पाहा. तीन महिने दरमहा १५० युनिट धरले आणि प्रत्यक्ष वापर १९० होता, तर उरलेले १२० युनिट जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगबरोबर एकदम येतात. म्हणून जुना मीटर काढताना त्याचा अनुक्रमांक आणि शेवटचा आकडा एकाच फोटोत घ्या, नवीन मीटरचा सुरुवातीचा आकडाही घ्या. मीटर भंगारात गेल्यावर दुसरा पुरावा उरत नाही.

‘गॅसचे तीन, बिलात तेहेतीस’

गॅसचा मीटर आकारमान मोजतो, घनमीटर. जिथे बिल ऊर्जेच्या युनिटांत येतं तिथे रूपांतर होतं. ब्रिटनमधली रीत अशी: घनमीटर गुणिले १.०२२६४ (तापमान आणि दाबाची दुरुस्ती), गुणिले बिलावर छापलेलं उष्मांक मूल्य (एका घनमीटर गॅसमधली ऊर्जा, मेगाज्यूलमध्ये), भागिले ३.६. उष्मांक मूल्य ३९.५ धरलं तर तीन घनमीटरचे ३३.७ युनिट होतात. म्हणजे संदेशातले तेहेतीस बरोबरच आहेत.

खरी चूक वेगळी असते. तिथले जुने गॅस मीटर शंभर घनफुटांत मोजतात आणि त्यांच्या बिलात आधी २.८३ ने गुणतात. नवीन मीटर घनमीटरचा बसला आणि खात्यात जुन्याचीच नोंद राहिली, तर बिल जवळजवळ तिप्पट होतं. मीटरवर काय लिहिलंय आणि बिलात २.८३ आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. रीडिंग देताना दशांशचिन्हाच्या आधीचेच आकडे द्या.

सगळी शेगडी-बॉयलर उपकरणं आणि त्यांतल्या सतत पेटत्या छोट्या पायलट ज्योती बंद असताना शेवटचे आकडे वीस मिनिटांत हलले, तर तो बिलाचा प्रश्न नाही, गळती आहे. मुख्य झडप बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, बाहेर जाऊन आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

‘डिस्प्ले आणि बिल जुळत नाही’

जुळायलाच हवं असं नाही. डिस्प्लेवरची रक्कम त्यात भरलेल्या दरावर चालते आणि दर बदलल्यावर तो जुनाच राहिलेला असू शकतो. स्थिर आकार काही डिस्प्ले मध्यरात्रीच धरतात, म्हणून सकाळी उठताच खर्च दिसतो. ब्रिटनमध्ये विजेचा आकडा दर दहा सेकंदांनी ताजा होतो आणि गॅसचा अर्ध्या तासाने, कारण गॅस मीटर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी वाचवायला मधल्या वेळेत झोपतो. बिलाशी ताडायचा तो मीटरवरचा आकडा, डिस्प्लेवरचा नव्हे.

मीटरचं बटण दाबत गेलं की एकामागून एक आकडे येतात आणि इथे सर्वाधिक गोंधळ होतो. अनेक मीटरांवर सोबत सांकेतिक क्रमांक दिसतो. १.८.० म्हणजे घेतलेली एकूण वीज; बिलासाठी हाच. १.८.१, १.८.२ हे वेळेनुसार दर असतील तर त्यांचे वेगवेगळे भाग. २.८.० म्हणजे सौर पॅनेलमधून बाहेर दिलेली वीज. १.७.० हा त्या क्षणाचा भार, किलोवॅटमध्ये, त्याची वजाबाकी करायची नसते. ९.८.० हा केव्हीएएच, म्हणजे युनिटांपेक्षा (केडब्ल्यूएच) वेगळं, व्होल्टेज गुणिले प्रवाह यावरून काढलेलं माप, आणि तो १.८.० पेक्षा सहसा थोडा जास्तच असतो. एका महिन्याला १.८.० आणि पुढच्या महिन्याला ९.८.० वाचला, तर कागदावर मीटर पळालेला दिसेल.

अॅपमधल्या अर्ध्या तासाच्या नोंदींतही हीच गफलत होते. तिथे ०.५ दिसलं तर ते अर्ध्या तासातले युनिट, म्हणजे सरासरी भार एक किलोवॅट. रात्री दोन ते चारच्या नोंदी पाहा: तुमच्या घराचा सततचा भार तिथे सरळ दिसतो.

इमारतीत एका रांगेत मीटर असतील तर शेवटची एक गोष्ट करा. घरचा मेन बंद करून खाली जा आणि कुठला मीटर थांबला ते बघा, मग त्याचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडा. बसवताना दोन खात्यांचे मीटर अदलाबदल होतात, आणि मग तुम्ही कितीही काटकसर केली तरी बिल शेजाऱ्याच्या वापराचं येत राहतं. तक्रारीत दोन्ही अनुक्रमांक, तारीख, वेळ आणि १.८.० चे दोन आकडे फोटोसह लिहा.