पडद्यामागचा सैनिक

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या कोर्टात एक पडदा लावलेला होता. महिना सप्टेंबर २०२५. पडद्याआड बसलेला आरोपी म्हातारा झालेला, माजी ब्रिटिश सैनिक. त्याचा चेहरा कुणाला दिसायचा नाही, नाव छापायला बंदी. कागदोपत्री तो फक्त 'सोल्जर एफ'. पडद्याच्या अलीकडे बसले होते १९७२ साली मारल्या गेलेल्यांचे भाऊ-बहीण, तेही म्हातारेच. २३ ऑक्टोबरला निकाल लागला. दोन खून आणि पाच खुनाचे प्रयत्न, सगळ्या आरोपांतून निर्दोष.

त्या दिवशी माझ्या ओळखीच्या दोन-तीन जणांनी आनंदाने पोस्ट टाकल्या. बघा, म्हाताऱ्या सैनिकांना उगाच छळतात, पन्नास वर्षांनी कसले खटले, एकदाची ही प्रकरणं बंद करा. मी तेव्हा काही लिहिलं नाही, पण विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी काय घडलं ते. ३० जानेवारी १९७२, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर. खटला न चालवता लोकांना डांबून ठेवण्याच्या विरोधात मोर्चा होता. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचे सैनिक बॉगसाइड वस्तीत घुसले आणि त्यांनी शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या. १३ माणसं तिथेच गेली, आणखी एक जखमी काही महिन्यांनी गेला. मेलेल्यांत सतरा वर्षांची पोरं होती. एक माणूस रस्त्यात कण्हत पडलेल्या दुसऱ्याला मदत करायला आडोशातून बाहेर आला. हातात रुमाल धरून, तो हलवत. त्याच्या डोक्यात गोळी घातली. हा रुमाल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निःशस्त्र माणसाने आपण निःशस्त्र आहोत हे आणखी कसं सांगायचं?

तीन महिन्यांच्या आत न्यायाधीश विजरींचा अहवाल आला आणि सैनिक जवळपास सुटले. १९९८ मध्ये नवा आयोग नेमला गेला, न्यायमूर्ती सॅव्हिल यांचा. त्याने बारा वर्षं घेतली आणि २०१० मध्ये स्वच्छ सांगितलं, की गोळ्या लागलेल्यांपैकी कुणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता. पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत उभं राहून माफी मागितली.

मग २०२५ मध्ये आरोपी सुटला कसा? इथेच माझं सगळं म्हणणं आहे. न्यायाधीशांनी त्या दिवशीच्या सैनिकांची बाजू घेतली नाही. सैनिकांनी शिस्त पार सोडली होती, निःशस्त्र लोक पळत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांना लाज वाटली पाहिजे, असं त्यांनी निकालातच सांगितलं. पण पुरावा म्हणून समोर काय होतं? मुख्यतः दोन सहकारी सैनिकांच्या १९७२ मधल्या जबान्या. त्यातला एक वारलेला, दुसरा साक्ष द्यायला तयार नाही. उलटतपासणी घ्यायची कुणाची? अशा ऐकीव पुराव्यावर खुनाची शिक्षा देता येत नाही, आणि देऊही नये. निकाल मला मान्य आहे.

पण त्या जबान्या तेव्हा घेतल्या कशा गेल्या ते बघा. त्या काळी तिथे अशी व्यवस्था होती, की सैनिकाच्या गोळीने माणूस मेला तर सैनिकाला प्रश्न पोलिसांनी विचारायचे नाहीत, लष्करी पोलिसांनी विचारायचे. म्हणजे घरच्यांनीच घरच्यांना विचारायचं. पुढे या प्रकाराला 'चहा-सँडविच चौकशी' असं नाव पडलं. सैनिकाला जबानी देण्याचा हुकूम असायचा. 'तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल' ही साधी समज दिली जात नव्हती, वकील नसायचा. परिणाम काय, तर २०२१ मध्ये डेरीतल्या नव्हे, १९७२ मधल्याच दुसऱ्या एका हत्येच्या खटल्यात कोर्टाने अशा जबान्या पुरावा म्हणून घ्यायलाच नकार दिला आणि दोन माजी सैनिक सुटले.

म्हणजे सरकारने तेव्हा तपास मुद्दाम कच्चा ठेवला, आणि आता तेच लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी पुरावा कुठून आणणार? उशीर झालाय हे खरं. तो केला कुणी? मेलेल्याच्या भावाने केला नाही. तो पहिल्या दिवसापासून दारं ठोठावत होता.

माझे मामा फौजेत होते. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं मी बरेच दिवस टाळलं. वाटलं, दुखावतील. शेवटी विचारलंच. म्हणाले, "अरे, समोरून गोळी येते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. खोलीत बसून कायदा सांगणं सोपं." मी म्हटलं, "मामा, आणि समोरून गोळी येतच नसेल तर?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग तो सैनिक नाही."

हा फरक कायद्यालाही कळतो. उत्तर आयर्लंडमध्ये प्रत्येक ब्रिटिश सैनिकाच्या खिशात एक पिवळं कार्ड असायचं. गोळी कधी झाडायची, आधी इशारा कसा द्यायचा, कमीत कमी बळ कसं वापरायचं, सगळं त्यावर छापलेलं. क्षणात निर्णय घेताना चुकलेल्या सैनिकाला कोर्ट सांभाळून घेतं, घ्यायलाच हवं. पण पळणाऱ्याच्या पाठीत गोळी ही त्या कार्डाच्या कुठल्याच ओळीत बसत नाही. सरसकट अभय दिलं, की कार्ड पाळणारा आणि न पाळणारा दोघे एकाच रांगेत उभे राहतात. यात अपमान पाळणाऱ्याचा होतो. माझ्या मामांचा होतो.

माजी सैनिकांची एक तक्रार मात्र मला पटते. १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांचे चारशेहून जास्त कैदी मुदतीआधी सुटले. त्यात बॉम्ब लावणारेही होते. त्या गटांच्या हातून ७०० हून जास्त ब्रिटिश सैनिक मारले गेले होते. ते सुटले आणि आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? हा राग खोटा नाही. पण ते आधी दोषी ठरले होते, मग सुटले. खटलाच नको आणि शिक्षा नको, या दोन मागण्या वेगळ्या आहेत. शिक्षेत सूट देण्यावर मी वाद घालणार नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला तुरुंगात टाकून मला काही मिळणार नाही. २०२३ च्या ब्रिटिश कायद्याने मात्र सशर्त अभय आणलं, सैनिकांना आणि सशस्त्र गटांना, दोघांनाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने ते मानवी हक्कांच्या विरोधात ठरवलं.

आणि वरचे? सॅव्हिल आयोगाने म्हटलं, की पलटणीच्या प्रमुखाने त्या दिवशी सैनिकांना बॉगसाइडमध्ये घुसवायलाच नको होतं, त्याने वरिष्ठांचा हुकूम मोडला. त्याच प्रमुखाला १९७२ मध्येच राणीच्या हस्ते सन्मान मिळाला होता. त्याच्यावर कधी खटला झाला नाही. पडद्याआड बसला तो लान्स कॉर्पोरल, म्हणजे अगदी खालच्या हुद्द्याचा. व्हिएतनाममधल्या माय लाईतही हेच झालं. १९६८ मध्ये अमेरिकी सैनिकांनी शेकडो गावकरी मारले, सव्वीस जणांवर आरोप ठेवले गेले आणि दोषी ठरला एकटा लेफ्टनंट कॅली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून घरात नजरकैदेत ठेवायला लावलं. त्याच दिवशी तिथे ह्यू थॉम्पसन नावाच्या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरवलं होतं. तोही फौजीच. त्या खऱ्या धाडसासाठी त्याला 'सोल्जर्स मेडल' मिळायला १९९८ साल उजाडलं.

खटल्यांनी काय साधतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक शेवटचं प्रकरण. फेब्रुवारी १९८८, उत्तर आयर्लंडमधल्या ऑक्नाक्लॉयचा लष्करी तपासनाका. एक २३ वर्षांचा मुलगा फुटबॉलच्या मैदानाकडे चालत निघालेला. नाका ओलांडून पुढे गेला आणि पाठीत गोळी लागली. अठरा वर्षांच्या सैनिकाने सांगितलं, बोटं ओली होती, मशीनगनच्या चापावरून घसरली. घरच्यांनी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. २०२२ मध्ये, ३४ वर्षांनी, न्यायाधीशांनी त्या सैनिकाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. तो त्या दिवशी घरी गेला. पण बोटं घसरल्याची ती गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली होती, हे आता कोर्टाच्या निकालात लिहिलेलं आहे.